बहिणीने जर्मनीहून पाठवलेल्या कॅप्सूल

वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून :

‘मी ४७ वर्षांची असून सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. आई गेल्यानंतर वर्षभर मन कशातच लागेना, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी नैराश्याचे निदान करून एस्सिटॅलोप्रामची १० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. त्याला पाच महिने झाले. रडू थांबले, शाळेतले काम नीट होते, पण मन बधिर झाल्यासारखे वाटते. हसूसुद्धा मोजून येते. जर्मनीत राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने तिकडे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या “योहानिसक्राउट” या वनस्पतीच्या कॅप्सूल पाठवल्या. तिला स्वतःला त्यांचा चांगला गुण आला. गोळी एकदम सोडायची भीती वाटली, म्हणून गेले तीन आठवडे मी दोन्ही सोबत घेते आहे. डॉक्टरांना सांगितलेले नाही, कारण हे औषध नसून झाडपाला आहे. सासूबाई म्हणतात, झाडपाल्याने अपाय होत नाही. त्या मला अश्वगंधाही घ्यायला सांगतात. माझा प्रश्न असा की ही वनस्पती मेंदूत नेमके काय करते? नैसर्गिक असल्यामुळे मेंदूतील रसायनांत ढवळाढवळ न करता ती मन बरे करते का? हल्ली मला घाम फार येतो आणि फळ्यावर लिहिताना हात थरथरतो, पण ते पाळी जाण्याच्या वयामुळे असावे. ता. क. माझ्या हृदयाची झडप १४ वर्षांपूर्वी बदललेली आहे आणि रक्त पातळ ठेवण्याची वॉर्फरिनची गोळी चालू आहे. मागच्या आठवड्यात आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप, १.७ आला. डॉक्टरांनी पालेभाज्या जास्त खाल्ल्या का, असे विचारले आणि गोळी वाढवून दिली.’

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र हाती आले त्याच दिवशी संपादकांकडून तुमचा क्रमांक घेऊन मी तुमच्याशी बोललो, कारण ताज्या कलमातील चार ओळी वाचल्यानंतर छापील उत्तराची वाट पाहणे योग्य नव्हते. कॅप्सूल त्याच दिवसापासून बंद करा, एस्सिटॅलोप्रामची गोळी मात्र मनाने बंद करू नका, आणि वॉर्फरिन देणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी भेटून कॅप्सूलची डबी दाखवा, एवढेच तेव्हा सांगता आले. तुमच्या परवानगीने पत्र आता सर्वांसमोर ठेवत आहे, आणि फोनवर जे घाईत सांगितले त्यामागची कारणे इथे सविस्तर लिहीत आहे. तुम्ही प्रश्न मेंदूबद्दल विचारला आहे आणि त्याचे उत्तर मी देणारच आहे. परंतु तुमच्या बाबतीत या वनस्पतीचा मोठा धोका मेंदूत नसून यकृतात आहे.

आधी तुमच्या बहिणीविषयी. तिने तुम्हाला काही भलतेसलते पाठवले आहे, असे कृपया समजू नका. योहानिसक्राउट, म्हणजे इंग्रजीत जिला सेंट जॉन्स वर्ट म्हणतात ती हायपेरिकम परफोरॅटम ही वनस्पती, युरोपात शतकानुशतके औषध म्हणून वापरात आहे. तिची पिवळी फुले बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या सणाच्या, म्हणजे २४ जूनच्या सुमारास फुलतात, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. गोव्यात त्याच दिवशी सांजांव साजरा होतो आणि डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून तरुण मंडळी विहिरीत उड्या मारतात, हे आपल्याकडच्या वाचकांना ठाऊक असेल. संत तोच आहे. तिची कळी बोटांत चुरली की लालभडक रंग निघतो, आणि पान उजेडासमोर धरले की त्यात सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तैलग्रंथी असतात आणि त्यांच्यावरूनच परफोरॅटम हे नाव पडले. ही वनस्पती आपल्याकडे काश्मीर आणि हिमाचलच्या डोंगराळ भागातही उगवते. जर्मनीत डॉक्टर तिचा अर्क नैराश्यासाठी लिहून देतात, आणि त्यावर झालेले संशोधनही हलके नाही. कॉक्रेन या संस्थेने २००८ मध्ये २९ चाचण्यांचा आणि त्यांतील ५,४८९ रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. तपासलेले अर्क नैराश्याच्या रुग्णांत औषधविरहित गोळीपेक्षा सरस आणि प्रचलित नैराश्यरोधक औषधांच्या तोडीचे ठरतात, आणि त्यांचे दुष्परिणाम कमी असतात, असा त्याचा निष्कर्ष होता. जर्मन भाषक देशांतील चाचण्यांचे निकाल इतर देशांपेक्षा अधिक अनुकूल आले, हेही त्याच आढाव्यात नोंदवलेले आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ३४० रुग्णांच्या चाचणीत ही वनस्पती औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली नाही. पण त्याच चाचणीत सर्ट्रालिन हे सर्रास दिले जाणारे औषधही मुख्य निकषांवर सरस ठरले नव्हते, त्यामुळे त्या एका निकालावरून वनस्पती निकामी म्हणणे न्यायाचे होणार नाही. बहिणीला गुण आला, यावर माझा विश्वास आहे. सौम्य ते मध्यम नैराश्यात, दुसरे कोणतेही औषध चालू नसलेल्या माणसाला तो येऊ शकतो. तुमची आणि तिची परिस्थिती वेगळी आहे, आणि ती का वेगळी आहे हे समजण्यासाठी मेंदूपासूनच सुरुवात करू.

मेंदूतील एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तेव्हा दोघींमधील अतिशय सूक्ष्म फटीत एखादे रसायन सोडते. सिरोटोनिन, नॉरॲड्रेनालिन आणि डोपामिन ही त्यांपैकी आपल्या विषयाची तीन नावे. निरोप पोहोचला की ते रसायन फटीतून हटवावे लागते, नाहीतर पुढचा निरोप वेगळा ओळखू येणार नाही. हे काम मुख्यतः निरोप पाठवणारी पेशीच करते. तिच्या आवरणात बसवलेली वाहक प्रथिने सोडलेले रसायन पुन्हा आत ओढून घेतात. तुम्ही घेता ते एस्सिटॅलोप्राम सिरोटोनिनच्या वाहकाला जाऊन चिकटते आणि त्याचे तोंड बंद करते. त्यामुळे सिरोटोनिन फटीत अधिक काळ राहते. इतर रसायनांच्या वाहकांना ते जवळजवळ स्पर्श करत नाही.

योहानिसक्राउटमधील हायपरफोरिन नावाचा घटकही रसायनांचे हे परत ओढले जाणे रोखतो, पण त्याची रीत अगदी वेगळी आहे. तुम्ही शाळेच्या सहलीबरोबर औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की पाहिली असेल. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून पाडले आहे आणि त्या पडत्या पाण्याच्या जोरावर जाते फिरते. चेतापेशीतील वाहकही असेच परक्या जोरावर चालतात. पेशीबाहेर सोडियम पुष्कळ आणि पेशीत थोडे असते. आत शिरू पाहणाऱ्या सोडियमच्या ओघाबरोबर ते सिरोटोनिनला आत ओढून आणतात. एस्सिटॅलोप्राम हे एका जात्यात घातलेल्या पाचरीसारखे आहे. तेवढे एक जाते थांबते, बाकीची फिरत राहतात. हायपरफोरिन मात्र जात्याला हातच लावत नाही. ते पेशीच्या आवरणातील टीआरपीसी६ या नावाची एक वाट उघडते, तिच्यातून सोडियम पेशीत शिरते, आतबाहेरचा फरक घटतो आणि पाण्याचा उतारच कमी होतो. उतार कमी झाला की त्या पाण्यावरची सगळीच जाती मंदावतात. म्हणून हायपरफोरिनमुळे सिरोटोनिनबरोबर नॉरॲड्रेनालिन, डोपामिन, गाबा आणि ग्लुटामेट या पाचही रसायनांचे परत ओढले जाणे कमी होते. प्रचलित नैराश्यरोधक औषधांपैकी दुसरे कोणतेही याच वाटेने चालत नाही, आणि अभ्यासक म्हणून मला ही गोष्ट फार कुतूहलाची वाटते.

मग मेंदूतील रसायनांत ढवळाढवळ न करता ती मन बरे करते का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. तुमची गोळी एका रसायनाला हात घालते, तर ही वनस्पती पाच रसायनांना. ती सौम्य वाटते ती नेहमीच्या मात्रेत तिचा परिणाम मर्यादित राहतो म्हणून. ती झाडावर उगवली याचा त्याच्याशी संबंध नाही. तिच्यातील लाल रंगाचे द्रव्य, हायपेरिसिन, हेच मुख्य औषध असून ते मेंदूतील रसायने मोडणाऱ्या मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला, म्हणजे एन्झाइमला, रोखते, असे १९८०च्या दशकात मानले जाई. माणसाच्या शरीरात पोहोचणाऱ्या प्रमाणात तो परिणाम नगण्य असतो, असे पुढे दिसून आले. डब्यांवर अजूनही हायपेरिसिनचे प्रमाण छापलेले असते ते त्या जुन्या समजुतीच्या काळापासून. दुसऱ्या बाजूने, ज्यांत हायपरफोरिन मुद्दाम अत्यल्प ठेवले आहे असे अर्कही काही चाचण्यांत उपयोगी ठरले आहेत, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या हायपरफोरिनलाही देता येत नाही. वनस्पतीचा अर्क म्हणजे अनेक द्रव्यांचे मिश्रण. कोणते द्रव्य किती काम करते, याचा हिशेब अजून पुरा लागलेला नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ‘मेंदूतले सिरोटोनिन कमी झाले की नैराश्य येते’ हे वाक्य तुम्हीही ऐकलेले असणार. नैराश्याचे एवढे सोपे कारण नाही. फटीतील सिरोटोनिन गोळी घेतल्यापासून काही तासांत वाढू लागते, तरी मन उजळायला दोन ते सहा आठवडे जातात. या मधल्या काळात चेतापेशी आपली ग्राहक प्रथिने कमीजास्त करतात, नवे जोड बांधतात आणि बदललेल्या परिस्थितीशी हळूहळू जुळवून घेतात. खरा परिणाम त्या जुळवणीतून येत असावा. आई गेली म्हणून तुमच्या डोक्यातील एक रसायन संपले आणि गोळीने ते भरून काढले, असे चित्र तुम्ही मनात धरू नये. तुमच्या दुःखाला कारण होते, आणि त्या दुःखातून पुढे जो आजार झाला त्यातून बाहेर यायला गोळीने मदत केली, एवढे म्हणणे पुरेसे आणि खरे आहे.

सासूबाईंच्या म्हणण्याला उत्तर देताना मला एका आपल्याच वनस्पतीची आठवण होते. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे फार पूर्वीपासून वापरात आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेच्या उपयोगाविषयीचा आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले. चेतापेशी आपली रसायने लहान लहान पिशव्यांत साठवून ठेवतात. रिसर्पिन त्या पिशव्यांत माल भरणारी यंत्रणा बंद पाडते आणि सिरोटोनिन, नॉरॲड्रेनालिन, डोपामिन यांचा साठा रिकामा होत जातो. रक्तदाबासाठी ते घेणाऱ्यांपैकी काहींना खोल उदासीनता आल्याच्या नोंदी झाल्या. पुढे त्या नोंदींवरही शंका घेतल्या गेल्या, पण रसायनांचा नैराश्याशी संबंध असावा हा विचार रुजण्यात या मुळीचा मोठा वाटा आहे. एक झाडपाला रसायनांचा साठा रिकामा करतो, दुसरा त्यांना फटीत रोखून धरतो. दोन्ही निसर्गातूनच आलेले आहेत. सासूबाईंच्या मनात तुमच्याविषयी काळजी आहे, तिचा मान राखून हे त्यांना सांगा. अश्वगंधेबद्दल तूर्त एवढेच, की तिचे अभ्यास मुख्यतः ताण आणि झोप यांविषयी आहेत, तिच्यामुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि थायरॉइडच्या पातळीवरही तिचा परिणाम होऊ शकतो. तुमच्या सध्याच्या स्थितीत तिची भर घालू नका.

आता घाम आणि हाताचा कंप. एस्सिटॅलोप्राम एका वाटेने सिरोटोनिन वाढवते आणि योहानिसक्राउट दुसऱ्या वाटेने. दोन्ही एकत्र घेतल्यास ते प्रमाणाबाहेर वाढू शकते. याला सिरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. सौम्य प्रकारात घाम, कंप, अस्वस्थता, जुलाब, धडधड आणि झोप न लागणे अशी लक्षणे असतात. तीव्र प्रकारात ताप चढतो, स्नायू ताठरतात, माणूस गोंधळतो आणि जीव धोक्यात येतो. तुमचा घाम पाळी जाण्याच्या वयाचा असूही शकेल, पण तो आणि कंप दोन्ही या तीन आठवड्यांतच सुरू झाले, असे तुम्ही फोनवर सांगितलेत, म्हणून मी ते वयाच्या खाती टाकायला तयार नाही. कॅप्सूल बंद केल्यावर ही लक्षणे ओसरू लागली पाहिजेत. ताप, स्नायूंचा ताठरपणा किंवा बोलण्यात असंबद्धता दिसली, तर जवळच्या मोठ्या रुग्णालयात लगेच जा आणि दोन्ही औषधांची नावे सांगा. मधल्या काळात खोकल्यासाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले औषध किंवा दुखण्यासाठी ट्रामाडॉल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. तीही सिरोटोनिनवर परिणाम करतात.

यानंतर यकृत. आपल्या यकृताच्या आणि आतड्याच्या पेशींत पीएक्सआर नावाचे एक प्रथिन आहे, त्याला पहारेकरी म्हणता येईल. शरीरात परके रसायन आले की ते त्याला ओळखते आणि अशी रसायने मोडून बाहेर टाकणारी विकरे अधिक संख्येने तयार करण्याचा हुकूम पेशीला देते. हायपरफोरिन या पहारेकऱ्याला ज्ञात द्रव्यांपैकी सर्वांत घट्ट चिकटणाऱ्यांतले एक आहे, हे २००० साली दाखवले गेले. परिणामी सायटोक्रोम पी-४५० कुळातील अनेक विकरे वाढतात, आणि औषधे पेशीबाहेर लोटणारा पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंपही वाढतो. पहारेकरी हायपरफोरिनमुळे जागा होतो, पण वाढलेली विकरे समोर येईल ते औषध मोडतात. आजाऱ्याचा जीव ज्याच्यावर अवलंबून आहे तेही मोडतात.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, ते २००० सालीच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातून जगासमोर आले. एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना एचआयव्हीवरील इंडिनाविर या औषधासोबत योहानिसक्राउट दिल्यावर शरीराला मिळणारे इंडिनाविर सरासरी ५७ टक्क्यांनी घटले. दुसऱ्या वृत्तान्तात झुरिच येथील दोन रुग्णांची हकिगत होती. दोघांवरही हृदयाचे प्रत्यारोपण झालेले होते, शरीराने नवे हृदय नाकारू नये म्हणून दोघेही सायक्लोस्पोरिन घेत होते, आणि दोघांनीही ही वनस्पती सुरू केली होती. सायक्लोस्पोरिनची रक्तातील पातळी खाली गेली आणि शरीराने हृदय नाकारायला सुरुवात केली. वनस्पती थांबवल्यावर पातळी पुन्हा वर आली. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना मधेच रक्तस्राव होणे आणि नको असताना दिवस जाणे, असेही अनुभव नोंदले गेले आहेत. तुमच्या बहिणीला हे जरूर कळवा. ती आज दुसरे काही घेत नसली तरी उद्या घेऊ शकते, आणि तिकडच्या डॉक्टरांनी विचारले नाही तरी तिने स्वतःहून सांगावे.

वॉर्फरिनचा अधिक प्रभावी अर्धा भाग मोडण्याचे काम प्रामुख्याने सीवायपी२सी९ हे विकर करते, आणि योहानिसक्राउटमुळे वाढणाऱ्या विकरांत तेही आहे. म्हणजे तुम्ही गोळी रोज वेळेवर घेत होतात, पण तिचा बराचसा भाग यकृत नेहमीपेक्षा लवकर संपवत होते. तुमच्यासारख्या धातूच्या मायट्रल झडपेसाठी, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडपेसाठी, आयएनआर साधारण २.५ ते ३.५ या पट्ट्यात ठेवतात, तुमचा १.७ आला. पुरेशा पातळ न झालेल्या रक्तात झडपेवर गाठ धरू शकते, झडप अडकू शकते, किंवा गाठीचा तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो. पालेभाज्यांतील के जीवनसत्त्वाने आयएनआर उतरतो, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता; कॅप्सूलचे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, आणि पुढची पायरी म्हणून त्यांनी गोळी वाढवली, तीही त्यांच्या माहितीप्रमाणे बरोबरच होती.

इथेच दुसरा धोका आहे, आणि तो मी फोनवर दोनदा सांगितला होता. कॅप्सूल बंद केल्यावर वाढलेली विकरे एका दिवसात कमी होत नाहीत. त्यांना साधारण दोन आठवडे लागतात. या काळात वॉर्फरिन मोडण्याचा वेग हळूहळू पूर्वपदावर येईल, आणि तुमची गोळी तर वाढवलेली आहे. डॉक्टरांना कळवल्याशिवाय नुसत्या कॅप्सूल बंद केल्या, तर १.७ वर असलेला आयएनआर काही दिवसांत मर्यादेच्या वर जाऊ शकेल आणि मग रक्तस्रावाची भीती निर्माण होईल. म्हणून कॅप्सूल थांबवल्यापासून पहिले दोन-तीन आठवडे आयएनआर नेहमीपेक्षा बराच लवकर लवकर तपासावा लागेल, दर चार-पाच दिवसांनी म्हटले तरी चालेल, आणि प्रत्येक अहवाल पाहून वॉर्फरिनची मात्रा डॉक्टर ठरवतील. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, लघवी लाल होणे, शौच काळे होणे, मार न लागता अंगावर निळे डाग पडणे, यांतील काहीही दिसले तर त्याच दिवशी जा. तसेच एकाएकी तोंड वाकडे होणे, हातापायातील शक्ती जाणे, वाचा अडखळणे किंवा दम लागणे दिसले, तर क्षणाचाही वेळ घालवू नका.

तुमच्या दोन डॉक्टरांची एकमेकांना माहिती असावी, यासाठी आणखी एक कारण आहे. रक्त गोठवण्यात भाग घेणाऱ्या प्लेटलेट पेशींवरही सिरोटोनिनचा तोच वाहक असतो, जो चेतापेशींवर आहे; त्या त्याच्यामार्फत सिरोटोनिन गोळा करून ठेवतात आणि जखम झाली की वापरतात. एस्सिटॅलोप्राम तिथेही त्याचे तोंड बंद करते, त्यामुळे वॉर्फरिनसोबत रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते. म्हणून ही दोन औषधे एकत्र देता येत नाहीत असे नाही. पुष्कळांना ती दिली जातात. पण देताना दोन्ही बाजूंना ते माहीत असले पाहिजे. मानसोपचारतज्ज्ञांना झडपेबद्दल सांगितले होते का, या माझ्या प्रश्नावर तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात. अनेकजण ते सांगत नाहीत. मनाच्या डॉक्टरला हृदयाचे काय सांगायचे, असे वाटते. कृपया सांगा.

आता तुम्ही कॅप्सूलकडे वळलात त्या मूळ तक्रारीकडे येतो, कारण ती खरी आहे आणि तिचे निवारण व्हायला हवे. ‘हसूसुद्धा मोजून येते’ हे तुमचे शब्द वाचून मला वाईट वाटले. सिरोटोनिन वाढवणारी औषधे घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना दुःखाबरोबर आनंदाचीही धार बोथट झाल्यासारखे वाटते. हे तुमच्या स्वभावाचे वैगुण्य नाही आणि कृतघ्नपणाही नाही. त्यावर उपाय असतात. मात्रा कमी करून पाहता येते, दुसऱ्या गटातील औषध देता येते, सोबत समुपदेशनाची बैठक लावता येते. काही वेळा बधिरता ही उरलेल्या नैराश्याचीच खूण असते आणि तेव्हा उपचार उलट वाढवावे लागतात. यातले नेमके काय, हे तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी तुमच्याशी बोलून ठरवायचे आहे, आणि ते तुम्ही त्यांना सांगितल्याशिवाय होणार नाही. डॉक्टर रागावतील अशी भीती तुम्ही बोलून दाखवलीत. रागावले तरी सांगा, आणि समजून न घेता नुसतेच रागावले, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

गोळी एकदम बंद करण्याची तुम्हाला भीती वाटली, ती योग्य होती. ही गोळी दारू किंवा काही झोपेच्या गोळ्यांसारखी व्यसन लावत नाही. अधिकाधिक मात्रा हवीशी वाटत नाही. पण महिनोन् महिने घेतलेले औषध एकाएकी थांबवले, तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी जाणीव आणि विचित्र स्वप्ने असा त्रास होऊ शकतो, म्हणून ते टप्प्याटप्प्याने कमी करतात. पहिल्याच नैराश्यात बरे वाटू लागल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायची पद्धत आहे. तुमचे पाच महिने झाले आहेत, तेव्हा ही सोडण्याची वेळ नाही. पुढे कधी योहानिसक्राउटकडे वळता येईल का, असे तुम्ही विचारलेत. वॉर्फरिन चालू असेपर्यंत नाही, आणि धातूची झडप असल्यामुळे ते जन्मभर चालणार आहे. इतरांसाठीही एका औषधावरून दुसऱ्यावर जाताना मधे किती दिवस मोकळे ठेवायचे, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. फ्लुओक्सेटिनसारखे औषध शरीरातून पूर्णपणे जायला जवळजवळ पाच आठवडे लागतात. ज्यांना पूर्वी कधी अतिउत्साहाचे, झोपेविना दिवसचे दिवस काढण्याचे झटके येऊन गेले आहेत, त्यांनी ही वनस्पती अजिबात घेऊ नये, कारण कोणत्याही नैराश्यरोधक औषधाप्रमाणे तीही उन्मादाची अवस्था जागी करू शकते.

पत्रात तुम्ही लिहिले नव्हते, पण मी विचारले म्हणून सांगितलेत, की आई गेल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत जगण्यात अर्थ नाही असे वाटत असे आणि आता तसे वाटत नाही. औषधांच्या या बदलाच्या काळात तो विचार परत डोकावला, तर रात्री-अपरात्री कधीही शासनाच्या टेली-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येते. घरातल्या एका माणसाला, शक्यतो तुमच्या यजमानांना, हे आजच सांगून ठेवा.

कॅप्सूलची डबी टाकून देऊ नका आणि शेजारच्या कोणाला देऊही नका. तिच्यावर अर्काचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये छापलेले असेल; ते दोन्ही डॉक्टरांना दाखवा, म्हणजे तुम्ही दिवसाला नेमके किती घेत होतात, हे त्यांना कळेल. एका वहीत तारीख, आयएनआर, वॉर्फरिनची मात्रा आणि हाताचा कंप कमी आहे की जास्त, अशा चार रकान्यांत रोजची नोंद ठेवा. तुम्ही शिक्षिका आहात, वही व्यवस्थित ठेवण्याबद्दल मी तुम्हाला काय सांगावे. तीन आठवड्यांनी त्या वहीची प्रत मला पाठवा, मी ती वाट पाहून वाचेन.